चार्जर किती बसवले यापेक्षा किती चालू आहेत, ते मोजा

महोदय,

लहान शहरांच्या नगरपरिषदांपुढे आता ई-वाहनांच्या सार्वजनिक चार्जिंगचा विषय येऊ लागला आहे. परतवाडा-अचलपूरसारख्या, लाखावर वस्तीच्या जोडशहराला तर त्याची निकड आहेच. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाणारी गाडी इथूनच घाटाला लागते, सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाणारी इथूनच वळते, बैतूलची वाटही इथूनच फुटते. शिवाय गावात दिवसभर धावणाऱ्या ई-रिक्षा, बॅटरीवरचे ऑटो आणि स्कूटर आहेत. पण चर्चा निघाली की ती बहुधा एकाच यंत्रापाशी येऊन थांबते : मुख्य रस्त्यावर ६० किलोवॉटचा एक मोठा डीसी फास्ट चार्जर, म्हणजे मोटारीची बॅटरी थेट आणि झपाट्याने भरणारे यंत्र. आमच्या मते अशा शहराची पहिली गरज ती नाही. आधी कमी ताकदीचे, पण पक्के असे भरपूर पॉइंट हवेत, त्यांच्या जोडीला एखाददुसरा मध्यम डीसी चार्जर हवा, आणि हे सगळे वर्षाचे बाराही महिने चालू राहील अशी व्यवस्था हवी. यातले तिसरे सर्वात अवघड आहे आणि निविदेत त्याचाच उल्लेख सर्वात कमी असतो.

गावात खरोखर कोणती वाहने चार्ज होतात ते आधी पाहू. स्कूटरची बॅटरी साधारण अडीच ते साडेतीन युनिटची असते. तिचा चार्जर पाऊण किलोवॉटच्या आसपासचा, म्हणजे चार-पाच तासांत काम होते. लिथियमच्या तीनचाकी ऑटोला सात ते नऊ युनिट लागतात आणि तीन किलोवॉटच्या चार्जरवर तो तीन-चार तासांत भरतो. लेड-ॲसिड बॅटऱ्यांची ई-रिक्षा मात्र रात्रभर घेते. ४८ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात आणि आठ ते दहा तासांखाली त्या नीट भरत नाहीत. यांतल्या जवळजवळ कुठल्याच वाहनाला ६० किलोवॉटची ती जाड गन (गाडीत खुपसायचा प्लग) लागत नाही. ती सीसीएस-टू जोडणी मोटारींसाठी असते. म्हणजे रोज सार्वजनिक चार्जिंगची गरज असलेला मोठा वर्ग त्या महागड्या यंत्रापुढून रिकामाच परत जाणार. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही दोन-तीनचाकींसाठी ४८,४०० आणि चारचाकींसाठी २२,१०० चार्जरचे लक्ष्य आहे. लहान शहराचे प्रमाण याहूनही दोन-तीनचाकींकडे झुकलेले असायला हवे.

विजेचा हिशेबही हेच सांगतो. ६० किलोवॉटचा चार्जर थ्री-फेजवर सुमारे ९० अँपिअर ओढतो. गल्लीतल्या १०० केव्हीएच्या डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) पूर्ण ताकद १३३ अँपिअर. त्याच डीपीवर आधीपासून घरे, दुकाने, पिठाची गिरणी आणि उन्हाळ्यात शेकडो कूलर चालू असतात. तिथे हा चार्जर लावला तर संध्याकाळी सात वाजता सगळ्या मोहल्ल्याचे दिवे मंद होतील आणि लोक चार्जरलाच दोष देतील. त्यासाठी वेगळी डीपी लागते, तिच्यासाठी जागा आणि उच्चदाबाच्या लाइनची जोडणी लागते, आणि काम इथेच महिनोन्महिने अडकते. उलट ३.३ किलोवॉटचे दहा पॉइंट एकाच वेळी चालू झाले तरी भार ३३ किलोवॉट. सगळी वाहने एकाच क्षणी पूर्ण जोराने भरत नाहीत, हे धरले तर २०-२५ किलोवॉटमध्ये निभाव लागतो. तेवढ्याच मंजूर भारात एका वेळी एक मोटार भरायची की दहा ऑटो, हा निर्णय नगरपरिषदेने समजून घ्यावा. खर्चातही हजारांचा आणि लाखांचा फरक आहे.

हे लहान पॉइंट म्हणजे भिंतीवर ठोकलेला १६ अँपिअरचा घरगुती सॉकेट, असे मात्र कोणी समजू नये. गिझर किंवा मिक्सर थोडा वेळ चालतो, ऑटोचा चार्जर चार तास सलग १३ अँपिअर ओढतो. साध्या सॉकेटच्या पितळी पट्ट्या आधी सैल होतात, मग तापतात. प्लॅस्टिक पिवळे, नंतर तपकिरी पडते आणि शेवटी पिन आतच चिकटून बसते. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडले की भर पडते. तीन किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो, १८५ व्होल्टवर तोच १६ अँपिअर मागतो, कारण त्याला ताकद तेवढीच हवी असते. व्होल्टेज कमी झाले म्हणजे तार थंड राहील, हा गैरसमज आहे. म्हणून निळा, झाकणाचा, औद्योगिक तीन-पिन सॉकेट वापरावा. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा स्विच) द्यावा. एकाच आरसीसीबीवर सहा पॉइंट घेतले, तर एका ऑटोच्या चार्जरमध्ये पाणी शिरले की सहाही ऑटो बंद पडतील.

तारेचेही तसेच. मीटरपासून पॉइंट ४० मीटर दूर असेल आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली असेल, तर १५ अँपिअरला १४-१५ व्होल्ट तारेतच जातात आणि दोनशेवर वॉट पाइपात तापत राहतात. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच तोटा सहा व्होल्टांवर येतो. अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी इथे.

मुख्य केबलची एक चूक तर हमखास दिसते. ठेकेदार सवयीने साडेतीन कोअरची केबल टाकतात. तिच्यात न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) फेजच्या निम्म्या जाडीचा असतो. मोटारपंपासाठी ते ठीक, कारण तिन्ही फेजवर भार सारखा असतो. चार्जिंगचे पॉइंट सिंगल फेजवर चालतात. आर, वाय, बी या तीन फेजांपैकी आर फेजवर चार ऑटो आणि बी फेजवर एकही नाही, असे रोज घडणार. शिवाय चार्जरमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे न्यूट्रलमध्ये जादा करंट वाहतो. अर्धा न्यूट्रल तापतो, त्याचा लग (तारेच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) ढिला होतो आणि एके दिवशी न्यूट्रल उडतो. त्या क्षणी कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ३०० व्होल्टांच्या वर जाऊ शकते आणि तिथे लावलेल्या गरिबाच्या ऑटोचा चार्जर जळतो. म्हणून इथे चार कोअरचीच, पूर्ण न्यूट्रलची केबल हवी, आणि पॉइंट आर, वाय, बी असे क्रमाने वाटलेले हवेत. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला जोडताना बायमेटलिक (दोन धातूंचा) लग वापरावा, त्याचे क्रिंपिंग (तारेवर दाबून बसवणे) हायड्रॉलिक मशीनने करावे. पक्कडीने दाबलेला लग जेमतेम महिनाभर टिकतो. पहिल्या महिन्यानंतर आणि पुढे दर मार्चमध्ये सगळे नटबोल्ट एकदा पाना लावून तपासावेत.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत काही गोष्टी स्पष्ट आहेत : सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, उभे वाहन पॉइंटपासून पाच मीटरच्या आत, एक्स्टेन्शन बोर्डला मनाई. नकाशा काढतानाच हे पाळले नाही तर पुढे गाड्या दूर उभ्या राहतात आणि लोक घरून एक्स्टेन्शन आणतात. ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. त्यांच्यासाठी बंद गाळा किंवा शटरचे दुकान कधीही देऊ नये. वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी मोकळे, असे शेड पुरते.

आता अर्थिंग. चार्जर लागतो पण चार्ज होत नाही, अशा तक्रारींचे मूळ आमच्या भागात बऱ्याचदा इथे सापडते. घराला अर्थिंग नसले तरी पंखा फिरतो. मोटारीचा चार्जर मात्र आधी अर्थ तपासतो आणि नसेल तर सुरूच होत नाही. खाली सपाटीला काळी माती आहे, सातपुड्याच्या पायथ्याकडे थोडा मुरूम आणि खाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम मोजते. मार्चनंतर तिला भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि तोच खड्डा कुचकामी होतो. पाषाणाच्या भागात तर पाइप तीन मीटर जातच नाही. ठेकेदार अर्ध्यावर कापून वरून चेंबर बांधतो. खड्ड्यात भरलेल्या मीठ-कोळशाने सुरुवातीला आकडा चांगला येतो, पण मीठ जीआय पाइपाला काही वर्षांत खाऊन टाकते. इथे बोअर मारून पूर्ण खोलीचा इलेक्ट्रोड टाकावा, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरावे, दोन खड्ड्यांत किमान तीन मीटर अंतर ठेवून ते पट्टीने जोडावेत. मोजणी मे महिन्यात करावी. ऑगस्टचा आकडा कागदावर कितीही सुंदर दिसला तरी तो खरा नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेतली मर्यादा साधारण दोन ते पाच ओहमच्या आत असते. सोबत न्यूट्रल आणि अर्थ यांमधले व्होल्टेज भार चालू असताना मोजावे. ते तीन-चार व्होल्टांच्या वर असेल, तर दोष अर्थिंगमध्ये किंवा सैल न्यूट्रलमध्ये आहे.

इथे एक जीवघेणा प्रकार सांगणे गरजेचे आहे. गाडी अर्थ नाही म्हणून चार्ज होत नसली, की काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडतात. गाडी लगेच चार्ज होऊ लागते. पण पुढे कुठे खांबावर न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात आणि आरसीसीबी तिथे हमखास वाचवील असे नाही. ढाब्यांवर, लॉजमध्ये, घरांच्या पोर्चमध्ये असे जोड असतील तर आजच काढून टाकावेत.

आता मोटारींच्या डीसी चार्जरविषयी. घाटाकडे जाणाऱ्या मोटारींसाठी तो हवाच. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर, पण चढाई जवळपास ७०० मीटरची, चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर. चार माणसांसह १,६०० किलोची मोटार नुसती वर उचलायला तीन युनिट लागतात, अंतराचे चार वेगळे. म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीचा पाव भाग ३० किलोमीटरांत जातो. काट्यावर १०० किलोमीटर दिसत असताना निघालेला माणूस वर पोचेस्तोवर काट्यावर निम्मेच उरते आणि तो घाबरतो. उतरताना त्यातली युनिट-दीड युनिट परत मिळते, मात्र बॅटरी वरच शंभर टक्के भरली असेल तर मिळत नाही, कारण परत आलेली वीज साठवायला जागा नसते. मग ब्रेकवरही जादा ताण येतो. म्हणून वर मुक्काम करणाऱ्याने ८०-८५ टक्क्यांवर थांबावे आणि लॉजवाल्यांनी रात्रभर चालणारे १६ अँपिअरचे नीट अर्थिंग केलेले पॉइंट द्यावेत. चिखलदऱ्याला तेच पुरे आहे. खाली परतवाड्याला ३० किलोवॉटचे दोन चार्जर ठेवावेत. ६० किलोवॉटच्या एकापेक्षा हे बरे, कारण एक बंद पडला तरी दुसरा उरतो.

हे चार्जर शेतीच्या फीडरवर (शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनवर) कधीही घेऊ नयेत. तिथे ठरावीक तासच थ्री-फेज मिळते. गावाबाहेर जागा स्वस्त मिळाली तरी आधी कोणता फीडर येतो ते लाइनमनला विचारावे. थ्री-फेजवर व्होल्टेज साधारण ३५०च्या खाली गेले की यंत्र स्वतःला बंद करते. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की तीही वेळ येते. वीज गेल्यावर गन गाडीतच अडकून राहू शकते. बहुतेक मोटारींत ती हाताने सोडवायची दोरी किंवा खटका असतो. स्थानकावरच्या माणसाला तो ठाऊक असावा, नाहीतर लोक गन ओढून पिनच तोडतात.

ऊन हा विदर्भातला वेगळा प्रश्न आहे. सावलीत ४५-४६ अंश असते तेव्हा उन्हात उभ्या लोखंडी कपाटाच्या आत किती होत असेल ते सांगायला नको. यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आधी ताकद कमी करते, मग बंद होते. त्यात फिल्टरवर जिनिंगचे कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ बसते. नोव्हेंबर ते मार्च फिल्टर दर पंधरवड्याला झटकावा लागतो. तो काढायला दोन स्क्रू लागतात, पण जबाबदारी कोणाची हे लिहिलेले नसते म्हणून कोणी काढत नाही. पॅनेलच्या तळाची केबलची भोके ग्लँड (केबलभोवती आवळून बसणारी कडी) लावून बंद हवीत. पावसाळ्यात आत शिरलेली एक पाल दोन बसबारमध्ये (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) आली की स्फोट होतो. वीज कोसळण्याचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. सर्ज प्रोटेक्टरची (विजेचा अचानक लोट अडवणाऱ्या उपकरणाची) काचेची खिडकी हिरवीची लाल झाली की ते कार्ट्रिज संपले, तेवढे बदलावे लागते. ते बदलले नाही तर पुढच्या कडकडाटात चार्जरचे कार्ड जाते आणि ते मागवायला महिना लागतो.

पत्र्याचे शेड ही चैन नाही, याला दरांचेही कारण आहे. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग स्थानकाला सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर धरायचा आहे. स्वस्त वीज नेमकी कडक उन्हात मिळणार. त्या वेळी ऑटोवाला उघड्यावर उभा राहणार नाही आणि तापलेली बॅटरीही नीट चार्ज होणार नाही. सावली असेल तर दुपारच्या मंदीत तो तीन तास थांबेल आणि स्वस्तात भरेल.

पैसे घेण्याची पद्धतही सोपी हवी. प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप, त्यात आधी पैसे भरा, ओटीपी घ्या, आणि रेंज गेली की यंत्र सर्व्हरशी बोलत नाही म्हणून सुरूच होत नाही. चार्जरमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत, कार्डावर ऑफलाइन सुरू होण्याची सोय असावी, लहान पॉइंटवर यूपीआयचा क्यूआर पुरावा. फलकावर १८ टक्के जीएसटी धरून प्रतियुनिट दर आणि गावातल्याच दुरुस्तीवाल्याचा फोन मोठ्या अक्षरांत असावा.

खासगी लोकांनीही पुढे यावे. चार्जिंग स्थानकाला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. ईव्ही चार्जिंगचा दरवर्ग वेगळा आहे, त्याचे वेगळे मीटर मिळते. नव्या जोडणीसाठी नियमाने नगरपरिषद हद्दीत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांची मुदत आहे. लाइन वाढवावी लागत असेल तर वेळ जास्त लागतो. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी.

नगरपरिषदेकडे आमची मागणी निविदेपुरती आहे. देयकाचा मोठा हिस्सा बसवण्यावर न देता दर महिन्याच्या चालू तासांवर द्यावा आणि ९५ टक्क्यांखाली गेले की कपात करावी. चालू तास कंपनीच्या सर्व्हरवरून न मोजता मीटरच्या नोंदीवरून मोजावेत, कारण ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर जागेवर मेलेला असू शकतो. काँटॅक्टर (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), पंखे, सर्ज कार्ट्रिज, फ्यूज आणि एक जादा गन गावातच ठेवण्याची अट घालावी. पहिले दहा पॉइंट एसटी स्टँडच्या ऑटो थांब्याजवळ, पुढचे भाजी बाजार, उपजिल्हा रुग्णालय आणि तहसील कार्यालयापाशी द्यावेत. आणि काम ताब्यात घेण्याची चाचणी मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता, सगळे पॉइंट आणि दोन्ही डीसी चार्जर एकदम भारावर ठेवून, सलग दोन तास घ्यावी. त्या वेळी तिन्ही फेजचे व्होल्टेज, न्यूट्रलचा करंट, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज आणि प्रत्येक लगचे तापमान मोजून ते आकडे स्थानकाच्या भिंतीवर लावावेत.

– वीजकाम करणारे व ऑटोचालक, परतवाडा-अचलपूर, जि. अमरावती